मदत हवी आहे: जिल्ह्याची गरज एनसीईआरटीच्या वार्षिक कार्यक्रमात पोचते कशी?

डोंगरवाट

नमस्कार मंडळी,

मी नंदुरबार जिल्ह्यात शिक्षक-प्रशिक्षणाच्या कामात आहे. साहेबांनी एक तक्ता हातात दिलाय. पुढच्या वर्षासाठी जिल्ह्याच्या गरजा लिहायच्या, त्या पुण्याला राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडे जाणार आणि तिथून एनसीईआरटीच्या, म्हणजे राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या, भोपाळमधल्या प्रादेशिक शिक्षण संस्थेकडे. रकाने चारच: गरज, लाभार्थी, कालावधी, अपेक्षित फलित. जुनी प्रत मागून घेतली तर तिच्यात 'गणित प्रशिक्षण', 'आयसीटी (संगणक-तंत्रज्ञान) प्रशिक्षण', 'मूल्यमापन प्रशिक्षण'. वर्ष खोडून नवं टाकलं की झालं काम, असा सल्लाही मिळाला.

पण आमची गरज त्या तीन ओळींत बसत नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून पहिलीत येणारं मूल पावरी नाहीतर भिली बोलतं. पुस्तक मराठी, आणि गुरुजी सोलापूर-साताऱ्याकडचे असले तर तेही मराठीच. पहिले सहा-आठ महिने दोघंही एकमेकांकडे बघत बसतात. मला हे लिहायचंय. पण दिल्लीत कार्यक्रम नक्की ठरतात कसे, कोण ठरवतं, आणि झाल्यावर कोणी विचारतं का, हे कळल्याशिवाय काय लिहू? शिवाय 'समग्र शिक्षा'च्या आराखड्यातही आम्ही गरजाच लिहितो, मग हा तक्ता वेगळा कशाला? जाणकारांनी कृपया सांगावं.

खडूफळा

वर्ष खोडून नवं टाका. 😀 गंमत सोडा, वाचतोय. मलाही हवंय उत्तर.

जुनी_वही

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण सगळा घोळ तिथेच होतो. रस्ते दोन आहेत आणि पैशाचे झरेही दोन.

'समग्र शिक्षा' ही 2018-19 पासूनची केंद्र-राज्य योजना. सर्व शिक्षा अभियान, माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक शिक्षण या तिन्ही योजना तिच्यात विलीन झाल्या. जिल्ह्यांचे आराखडे जोडून राज्याची वार्षिक कार्ययोजना व अंदाजपत्रक तयार होतं. आपल्याकडे ते काम मुंबईच्या प्राथमिक शिक्षण परिषदेकडे. मग ते दिल्लीत शिक्षण मंत्रालयाच्या प्रकल्प मान्यता मंडळापुढे जातं. खर्च केंद्र 60, राज्य 40. खर्च आणि प्रगती 'प्रबंध' पोर्टलवर भरायची. वर्गखोल्या, गणवेश, साधनव्यक्तींचं मानधन, प्रशिक्षणाचे दिवस, सगळं त्यात.

तुमचा तक्ता दुसऱ्या रस्त्याचा. एनसीईआरटी ही 1961 साली स्थापन झालेली स्वायत्त संस्था, तिला केंद्राचं अनुदान मिळतं आणि तिचे स्वतःचे वार्षिक कार्यक्रम असतात. तिच्यात नियोजन व संनियंत्रणासाठी वेगळा विभाग आहे. आपल्याकडे लोकांना वाटतं की हा विभाग कार्यक्रम ठरवतो. तसं नाही. तो सगळ्या घटक संस्थांकडून एकाच नमुन्यात प्रस्ताव मागवतो, त्यांची जुळणी करतो आणि मंजुरीनंतर पाठपुरावा ठेवतो. प्रस्ताव मांडतो तो एखाद्या विभागातला प्राध्यापक. आधी तो विभागाच्या किंवा संस्थेच्या सल्लागार मंडळापुढे जातो, मग कार्यक्रम सल्लागार समितीपुढे. या समितीचे अध्यक्ष खुद्द संचालक. तिच्यावर कार्यकारी समिती, जिचे पदसिद्ध अध्यक्ष केंद्रीय शिक्षणमंत्री.

आता तुमच्या कामाची गोष्ट. प्रत्येक कार्यक्रमाला एक समन्वयक लागतो. ज्या गरजेला कोणी प्राध्यापक आपलं म्हणत नाही, ती सल्लागार समितीपर्यंत पोचतच नाही. म्हणून तक्ता लिहिताना डोळ्यांपुढे पुण्याचा कारकून ठेवू नका, भोपाळचा भाषाशिक्षणाचा प्राध्यापक ठेवा. 'भाषा प्रशिक्षण हवे' वाचून तो पान उलटेल. 'पावरीभाषक मुलांना पहिली-दुसरीत शिकवणाऱ्या, पावरी न येणाऱ्या शिक्षकांसाठी' असं लिहिलंत तर निदान थांबेल.

आणि प्रकार नीट ठरवा. तिथे संशोधन, विकसन, प्रशिक्षण, विस्तार अशी वर्गवारी चालते. तुम्हाला आधी साहित्य तयार करायचंय, म्हणजे विकसन. त्यावरचं प्रशिक्षण पुढच्या वर्षी मागा. दोन्ही एकाच ओळीत कोंबू नका.

डोंगरवाट

जुनी_वही काका, खूप खूप आभार. हे आम्हाला कोणी असं उलगडून सांगितलंच नव्हतं. पण झाल्यावर विचारणारं कोण? तो भाग राहिला.

जुनी_वही

मुद्दामच ठेवला होता. प्रस्तावातच कार्यक्रमाचे टप्पे पाडून, प्रत्येकाचा काळ आणि खर्च लिहायचा असतो. उदाहरणार्थ लेखन कार्यशाळा, मग तपासणी, मग शाळांत चाचपणी. नियोजन विभाग त्या टप्प्यांप्रमाणे प्रगती मागतो. रेंगाळलेला कार्यक्रम पुढच्या वर्षी 'चालू' म्हणून दाखवावा लागतो. शेवटी वार्षिक अहवाल आणि लेखापरीक्षित हिशेब संसदेपुढे ठेवले जातात. जुने अहवाल संकेतस्थळावर आहेत, भोपाळचं प्रकरण जरूर चाळा. आपल्या भागासाठी काय-काय झालंय ते कळतं आणि तेच पुन्हा मागणं टळतं.

मात्र ही देखरेख कामावरची आहे. कार्यशाळा झाली का, किती जण आले, मसुदा तयार झाला का. मुलाला कळायला लागलं का, हे त्यातून दिसत नाही, आणि माझ्या मते या व्यवस्थेची कमजोर जागा हीच.

खडूफळा

पण मुलांना किती येतं हे बघायला राष्ट्रीय सर्वेक्षणं होतात ना? 2017 ला झालं, 2021 ला झालं. डिसेंबर 2024 मध्ये 'परख'चं (एनसीईआरटीच्या मूल्यमापन केंद्राचं) झालं तेव्हा आमच्या केंद्रातली शाळाही निवडली होती. तिसरी, सहावी, नववी.

जुनी_वही

होतात, आणि जिल्हावार निकालही येतात. पण ते नमुना सर्वेक्षण आहे. त्यावरून जिल्ह्याचं तिसरीचं वाचन कुठे आहे ते कळेल. अमुक कार्यशाळेमुळे धडगावात काय बदललं, हे त्यातून काढता येत नाही. काही जण तसं काढून सादरीकरणात घालतात, त्यांचं त्यांना लखलाभ.

सातपुडा_पलीकडे

उशिरा येतेय. मी भोपाळच्या त्याच संस्थेत बी.एड. केलंय, म्हणून एक सुचवते. ती संस्था फक्त महाराष्ट्राची नाही. मध्य प्रदेश, छत्तीसगड, गुजरात, गोवा आणि दादरा-नगरहवेली, दमण-दीवही तिच्याच क्षेत्रात. तुमची पावरी धडगावला थांबत नाही. राज्याच्या सीमेपलीकडे, मध्य प्रदेशात बडवानीकडे हीच बोली थोड्या फरकाने, बारेली म्हणून, बोलतात. भिलीची रूपं तर गुजरातेतही. पुण्याच्या नजरेत हा एका कोपऱ्यातल्या दोन तालुक्यांचा प्रश्न आहे. भोपाळच्या नजरेत तो त्यांच्या क्षेत्रातल्या तीन राज्यांचा सामाईक प्रश्न होतो, आणि प्रादेशिक संस्था आहेत त्याच यासाठी. लाभार्थीच्या रकान्यात हे वाक्य घालाच. जमलं तर बडवानीच्या डाएटशी (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेशी) बोलून त्यांनाही त्यांच्या राज्याकडून हीच गरज लिहायला सांगा. दोन राज्यांकडून एकच मागणी आली तर समन्वयक मिळणं सोपं जातं.

अजून एक. मार्च 2024 मध्ये एनसीईआरटी आणि म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाने मिळून 52 भाषांतल्या प्रवेशिका, म्हणजे लहान मुलांची सुरुवातीची भाषा-पुस्तकं, प्रसिद्ध केल्या. त्या यादीत तुमच्या मुलांची बोली आहे का ते आधी बघा. असेल तर मागणी 'वापराचं प्रशिक्षण', नसेल तर 'निर्मिती'.

डोंगरवाट

हे तर डोक्यातच आलं नव्हतं! तोरणमाळच्या आश्रमशाळेतल्या एका सरांचं सासर पलीकडे आहे, त्यांच्यामार्फत बडवानीत ओळख निघेल.

आता 'अपेक्षित फलित'वर अडलेय. साहेब म्हणतात, '100 शिक्षक प्रशिक्षित' लिहा.

जुनी_वही

साहेबांचा आकडा राहू द्या, वरच्या नमुन्यात तो लागतोच. त्याखाली दुसरी ओळ घाला: कोणत्या 10 शाळांत साहित्य वापरून बघणार, दिवाळीआधी आणि वर्षाअखेर मुलांचं काय तपासणार, आणि ते कोण तपासणार. केंद्रप्रमुखांच्या भेटी तशाही होतात, त्यातच जोडा. वेगळा खर्च दाखवू नका, पहिली कात्री तिथेच लागते. तक्ता भरला की इथे टाका, शाळांची नावं काढून. बघतो.