अनुभव धागा : जाण्याआधी हार्ड डिस्क काय म्हणाली?

लातूर, डीटीपी (धागा माझाच)
ऐन लग्नसराई, पत्रिकांची २३ कामं अर्धवट. जुना डेस्कटॉप एक फाईल उघडायला चहा पिऊन यावं इतका वेळ घ्यायला लागला. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के आणि कॉपीचा वेग शून्य. मला वाटलं व्हायरस. विंडोज नव्यानं टाकायला बसलो, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं म्हणून राहिलं. त्या गिऱ्हाइकाचे उपकारच. संध्याकाळी भाच्यानं क्रिस्टलडिस्कइन्फो, म्हणजे डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम लावला तर पिवळी खूण. ‘करंट पेंडिंग सेक्टर’, म्हणजे वाचता येत नाहीत पण अजून बाद ठरवले नाहीत असे तुकडे. त्याच रात्री आधी पत्रिका, मग फाँट, मग हिशेब, अशा क्रमानं बाहेर काढलं. दोन पत्रिका गेल्याच. परत टाइप करायला एका वरबापाला मामांची नावं विचारली, तर तेवढ्यात त्यांनी दोन मामा वाढवले.

तुमच्याकडं काय झालं? आधी काय दिसलं, काय करायला नको होतं, तेही लिहा. कंपनीचं नाव नको, उगं भांडणं लागतात.

परभणी, फोटो स्टुडिओ
माझ्याकडं आवाज. कॅबिनेटला कान लावला की टक् टक् टक्, मग गप्प, मग घूंऽऽ करून फिरायची, परत टक् टक्. ‘चालू-बंद करून बघू’ म्हणत मी दिवसभरात वीसेक वेळा चालू केली असेल. रात्री बायोसमध्येसुद्धा, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या पडद्यावरही दिसेना. आत दोन लग्नांचे फोटो.

पुण्याला रिकव्हरीवाल्याकडं नेली. हेड, म्हणजे तबकडी वाचणारा भाग, गेलं होतं आणि तबकडीवर ओरखडे होते. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी तबकडी, तिच्यावर मी दर वेळी तेच बिघडलेलं हेड फिरवत होतो. एका लग्नाचे फोटो निघाले, दुसऱ्याचे नाही. ते फोनवर सांगायचं धाडस होईना, म्हणून स्वतः मानवतला गेलो. नवरीच्या आईनं चहा दिला. काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता अल्बम घरी पोचेपर्यंत कॅमेऱ्याचं कार्ड पुसत नाही.

नांदेड
भाऊ, फ्रीजरमध्ये ठेवून बघायची होती की! आमच्या गल्लीत एकाची चालली म्हणे.

परभणी, फोटो स्टुडिओ
बाहेर ४२ डिग्री. फ्रीजरमधून काढलेल्या बाटलीला काय होतं? तेच डिस्कला होतं. पाणी आत गेल्यावर पुण्यावालाही हात लावला नसता.

जालना, बी-बियाणांचं दुकान
आमची डिस्क गेलीच नव्हती. मशीन मधेच अडकायचं, निळा पडदा यायचा. दुरुस्तीवाला म्हणाला नवी घ्या. पोरानं क्रिस्टलडिस्कइन्फोत आकडे बघितले : ०५ (बाद ठरवून बदललेले सेक्टर) शून्य, सी५ (वर सांगितलेले पेंडिंग सेक्टर) शून्य, वाढायलेला फक्त सी७ (डेटा ये-जा करतानाच्या चुका). म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड यांचं आपसातलं बोलणं बिघडलेलं. साटा केबल बदलली, झालं. सी७ चा आकडा कमी होत नाही हं, फक्त वाढायचा थांबतो. मी महिनाभर तो शून्य व्हायची वाट बघत होतो.

अंबाजोगाई, शाळेत संगणक शिकवते
सगळ्यांना हात जोडून एक सांगते : आजारी डिस्कवर आधी विंडोजचं डिस्क तपासायचं चेकडिस्क लावू नका. आमच्या ऑफिसच्या मशीनवर मीच रात्रभर लावलं होतं. ते दुरुस्ती करतं, डेटा वाचवत नाही. सकाळी फोल्डर होते, आतल्या कितीतरी फाईल उघडेनात. निकालपत्रकं होती. सरांनी जुन्या रजिस्टरांवरून पुन्हा भरून घेतली, दिवाळीची सुट्टी त्यात गेली.

दुसऱ्यांदा शहाणी झाले. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करून डीडीरेस्क्यूनं डिस्कची प्रत नव्या डिस्कवर घेतली. ते आधी नीट वाचता येईल तेवढं उचलतं आणि खराब जागी नंतर परत येतं. कुठवर आलो ते मॅप फाईलमध्ये लिहून ठेवतं. रात्रीतून दोनदा लाइट गेली, तरी पुढचं काम तिथूनच सुरू. मॅप फाईल मात्र दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवा, लिनक्सच्या तात्पुरत्या जागेत ठेवली तर लाइटीबरोबर तीही जाते.

हिंगोली
मॅडम, माझ्यात सी५ समोर शेवटी १० दिसतंय. आवाज नाही, मशीन चालायलंय. थांबू का?

अंबाजोगाई
दादा, क्रिस्टलडिस्कइन्फोत ते आकडे हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या हिशेबानं येतात, तुमचे १० म्हणजे १६. नव्या डिस्कमध्ये एक सेक्टर ४०९६ बाइटचा, मोजणी बऱ्याचदा ५१२ च्या हिशेबानं, एकाचे आठ दिसतात. म्हणजे खरे खराब दोनच असतील. पण आज दोन. जमिनीची कागदं, पोरांचे फोटो आज काढा, बाकी उद्या.

हिंगोली
कॉपी लावलीय. ६१ टक्के. घरात सांगून ठेवलंय, होईस्तोवर कुणी मिक्सर लावायचा नाही.