छिद्र आपोआप बुजण्याची वाट किती पाहावी?

बाळाच्या हृदयात जन्मतः असलेले छिद्र वयानुसार आपोआप बुजते, म्हणून धीर धरावा, असे म्हटले जाते. काही छिद्रांबाबत ते खरे आहे. खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याच्या स्नायुमय भागातले लहान छिद्र बहुतेकदा पहिल्या काही वर्षांत बुजते. मोठ्या छिद्राचे तसे नसते.

जन्मतः फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा रोध (रक्त वाहण्यास होणारा अडथळा) जास्त असल्यामुळे मोठे छिद्र असूनही बाळ सुरुवातीला ठणठणीत दिसू शकते, आणि यातच पालकांची फसगत होते. पुढच्या काही आठवड्यांत हा रोध उतरतो, डावीकडचे रक्त छिद्रातून फुप्फुसांकडे जादा प्रमाणात वाहू लागते आणि मग दूध पिताना धाप लागणे, कपाळावर घाम येणे, वजन न वाढणे ही लक्षणे दिसतात. तरीही वाट पाहत राहिल्यास फुप्फुसांतील वाहिन्या कालांतराने जाड व कठीण होतात, प्रवाहाची दिशा उलटते, मूल निळे पडू लागते, आणि त्या टप्प्यावर छिद्र बंद करणेच धोक्याचे ठरते. शस्त्रक्रिया ‘मूल जरा मोठे झाल्यावर’ करू, हा विचार म्हणूनच मला अतिशय चिंताजनक वाटतो.

महाधमनी (शरीराला रक्त पुरवणारी) व फुप्फुसधमनी (फुप्फुसांकडे रक्त नेणारी) यांची जन्मतः अदलाबदल झालेली असेल तर अवधी आणखी कमी असतो: प्रोस्टाग्लँडिन या औषधाने या दोन धमन्यांना जोडणारी जन्मापूर्वीची नलिका उघडी ठेवून पहिल्या काही आठवड्यांत शस्त्रक्रिया करावी लागते. नवजात बाळाच्या उजव्या हाताला आणि पायाला पल्स ऑक्सिमीटर (रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण मोजणारे उपकरण) लावून केलेली साधी तपासणी असे अनेक गंभीर दोष लक्षात आणून देते. ९० टक्क्यांखालील आकडा आल्यास ताबडतोब, आणि ९० ते ९४ दरम्यानचा आकडा पुन्हा मोजूनही कायम राहिल्यास, डॉक्टरांकडे इकोकार्डिओग्राफीबद्दल (हृदयाच्या सोनोग्राफीबद्दल) अवश्य विचारणा करावी.