नोत्र दाममधल्या धडधाकट काचा का काढायच्या?

वास्तुवेडी
पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलला १५ एप्रिल २०१९ ला आग लागली, छप्पर गेलं, मनोरा कोसळला आणि डिसेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा उघडलं, हे बहुतेकांना ठाऊक आहे. त्याला जोडून जो वाद पेटला, तो मात्र आपल्याकडे फारसा पोचला नाही. दक्षिण बाजूच्या सातपैकी सहा चॅपेलमधल्या (कडेच्या छोट्या प्रार्थनादालनांतल्या) जुन्या काचा उतरवून तिथे नवी काचचित्रं बसवायचं ठरलं आहे. मागणी आर्चबिशपांची, घोषणा अध्यक्ष मॅक्रॉं यांची, डिसेंबर २०२३ मधली. वर्षभरानं चित्रकार क्लेअर ताबुरे यांची निवड झाली. त्याआधी, जुलै २०२४ मध्ये, फ्रान्सच्या राष्ट्रीय वारसा आयोगानं एकमतानं विरोध नोंदवला होता. विरोधाच्या अर्जावर दोन लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या.

या काचांना आगीत काहीही झालेलं नाही, एवढं एकच कारण मला पुरेसं वाटतं. एकोणिसाव्या शतकात वास्तुकार व्हिओले-ल-द्युक यांनी कॅथेड्रलचा जीर्णोद्धार केला, तेव्हाचं हे काम. आगीनंतर त्या साफही केल्या. छपरासाठी सुतारांनी ओकचे ओंडके कुऱ्हाडीनं तासले, कारण मूळ तुळया तशाच घडवल्या होत्या. जळालेलं इतक्या निष्ठेनं परत आणायचं आणि वाचलेलं उतरवून ठेवायचं, हे कुठल्या न्यायात बसतं? वास्तूत प्रत्येक काळानं घातलेली मोलाची भर राखावी, असं जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दलची १९६४ ची आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनद सांगते.

प्रकाशवाट
तळमळ पोचली, पण पटलं नाही. ज्यांचं काम तुम्ही राखायला निघाला आहात, त्यांनी स्वतः काय केलं? जुना मनोरा अठराव्या शतकातच उतरवला होता. व्हिओले-ल-द्युक यांनी तो होता तसा न बांधता स्वतःच्या कल्पनेनं अधिक उंच, अधिक नटवलेला उभारला. वरच्या सज्जातले ते राक्षसी पशुपक्ष्यांचे पुतळे, ज्यांचे फोटो सगळं जग काढतं, तेही त्यांचेच. मध्ययुगात तिथे ते नव्हते. अठराव्या शतकात तर खुद्द धर्मगुरूंनी उजेड हवा म्हणून मधल्या दालनातल्या मध्ययुगीन रंगीत काचा काढून साध्या बसवल्या. १९६० च्या दशकात त्याच दालनाच्या वरच्या खिडक्यांत काचचित्रकार जाक ल शव्हालिए यांची आधुनिक रंगीत काच आली.

ही वास्तू आठशे वर्षं बदलत आली आहे. तिथे आजही रोज प्रार्थना होते. आमच्या काळाला तिथे एक खिडकीही मिळू नये का?

काचकाम
काचेचं काम करते म्हणून लिहिते. या खिडक्या 'साध्या' समजू नका. फिकट काचेवर गडद रंगानं बारीक नक्षी रेखाटतात, ती भट्टीत भाजतात, मग एकेक तुकडा शिशाच्या पट्टीत बसवून सांधे डाखतात. अशा काचेतून येणारा उजेड मऊ असतो, फरशीवर रंगाचे डाग पडत नाहीत. व्हिओले-ल-द्युक यांनी बाजूच्या चॅपेलना फिकी काच दिली आणि वेदीच्या अंगाला भरगच्च रंग. दारातून आत चालत गेलं की रंग वाढत जातो. वाटेतल्या या सहा चॅपेलमध्ये भडक चित्रं आली की ही चढण मोडली. नवं काम वाईट असेल असं मी म्हणत नाही. रॅंसच्या जुन्या, नावाजलेल्या कार्यशाळेत ते होतं आहे, कारागिरीत खोट निघणार नाही.

प्रकाशवाट
पण जुन्या काचा कुणी फोडून टाकत नाही! त्या संग्रहालयात ठेवायचं म्हटलं आहे.

काचकाम
संग्रहालयात मागून दिवा लावून दाखवतील. सकाळच्या उन्हाची काच वेगळी, ढगाळ दुपारची वेगळी. खिडकी भिंतीतून काढली की हे सगळं संपतं.

मांडवीकाठ
आमच्या गोव्यातलं उदाहरण देतो. जुन्या गोव्याच्या बॉम जीझस बॅसिलिकेला बाहेरून पूर्वी गिलावा होता. १९५० च्या दशकात पोर्तुगीज सरकारच्या वास्तुतज्ज्ञानं तो खरवडून काढायला लावला, वास्तू प्राचीन दिसावी म्हणून. आत जांभा. जांभा मऊ दगड, आणि गोव्याचा पाऊस म्हणजे काय ते सांगायला नको. आज भिंतीवरून हात फिरवा, तळव्याला तांबडी भुकटी लागते. गिलावा परत चढवा, अशी मागणी होते. पण आता लोकांच्या डोळ्यांत तीच लाल भिंत बसली आहे. पिढ्यान् पिढ्या टिकलेला थर एका माणसाच्या आवडीखातर गेला, आणि ते निस्तरायचा सोपा मार्ग आता कुणाकडेच नाही. म्हणून माझं मत धागाकर्तीच्या बाजूनं.

प्रकाशवाट
@मांडवीकाठ, गिलावा काढल्यानं दगड उघडा पडला, वास्तूला इजा झाली. इथे काचेच्या जागी काचच येते आहे. तुलना पुरती लागू होत नाही.

आणि आणखी एक. १९३० च्या दशकात बारा कलावंतांनी नोत्र दामच्या त्याच मधल्या दालनासाठी आधुनिक काचा केल्या होत्या. १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनात त्या मांडल्या, नंतर कॅथेड्रलमध्ये लावूनही पाहिल्या. तेव्हाही असाच गदारोळ झाला, आणि महायुद्ध आलं तशा त्या उतरवल्या. पण पुढे त्याच वरच्या खिडक्यांत ल शव्हालिए यांचं काम आलंच. त्याबद्दल आज कोण तक्रार करतं?

वास्तुवेडी
कारण ते ज्या काळात झालं, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या कामाला कुणी किंमतच देत नव्हतं. त्याच नजरेनं पॅरिसनं १९७१ पासून ले आलचे लोखंड-काचेचे बाजारमंडप पाडले आणि आज त्याची हळहळ होते. साठीच्या दशकात गेलं ते गेलं, पण म्हणून उरलेल्या सहा चॅपेलवरही पाणी सोडायचं?

आजच्या कलावंतांना जागा मिळावी, हे मलाही मनापासून वाटतं. फ्रान्समध्ये रिकाम्या, साध्या काचांच्या खिडक्या असलेली चर्चेस कितीतरी आहेत. ताबुरेंना तिथे बोलवा, मी मुद्दाम बघायला जाईन.

प्रकाशवाट
गावातल्या चर्चमध्ये त्यांचं काम किती जण बघतील? आगीत सगळं जग नोत्र दामकडे बघत होतं, सुमारे दीडशे देशांतून पैसे आले. त्या आगीची, आपल्या काळाची खूण उमटायची असेल तर ती तिथेच उमटायला हवी. यावर मी ठाम आहे.