फेनिटॉइनची पातळी मर्यादेत असली, तरीही

रक्तातील फेनिटॉइन (अपस्माराचे म्हणजे फिट्सचे औषध) १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर असले की डोस योग्यच समजावा, असे एक मत आहे. त्यात थोडी भर घालतो. मी जळगावच्या एका प्रयोगशाळेत नमुने घेतो. चोपडा, यावलकडून पहाटेच्या एसटीने येणारे रुग्ण बहुधा सकाळची गोळी घेऊनच निघतात (वाटेत झटका येईल ही धास्ती रास्तच आहे), परंतु तुलनेसाठी नमुना डोसच्या आधीचा हवा. म्हणून डॉक्टरांची हरकत नसल्यास गोळी खिशात ठेवून यावे आणि रक्त दिल्यावर लगेच घ्यावी, असे मी आदल्या दिवशीच फोनवर सांगतो.

खरी मेख रक्तातील अल्ब्युमिनमध्ये आहे. फेनिटॉइनचा सुमारे ९० टक्के भाग या प्रथिनाला चिकटलेला असतो आणि परिणाम करतो तो उरलेला मोकळा भाग. मध्यंतरी एक कृश आजोबा भिंत धरतच आत आले. त्यांचा अहवाल १२ आला, म्हणजे कागदावर अगदी मर्यादेत. पण अल्ब्युमिन जेमतेम २ ग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे मोकळा भाग जास्त; ही कमतरता धरून दुरुस्ती करणाऱ्या प्रचलित सूत्राने तोच आकडा २४, म्हणजे मर्यादेबाहेर होतो. डॉक्टरांना तसे तातडीने कळवले. शिवाय या औषधाचा निचरा करणारी यकृतातील विकरे एका टप्प्यानंतर अपुरी पडतात, त्यामुळे दिवसाचे ३०० चे ४०० मिलिग्रॅम केले, तर पातळी दुपटीहूनही वर जाऊ शकते. लेव्हेटिरासिटॅम या अपस्माराच्या दुसऱ्या औषधासाठी मात्र ही तपासणी सहसा लागत नाही.