दिस हीटची 'हेल्थ अँड एफिशियन्सी': मागची बाजू ऐकायची की सोडून द्यायची?

तापीकाठ
'दिस हीट' म्हणजे लंडनच्या ब्रिक्स्टनमधलं त्रिकूट: चार्ल्स हेवर्ड, चार्ल्स बुलन आणि गॅरेथ विल्यम्स. १९७९चा पहिला अल्बम आणि १९८१चा 'डिसीट' यांच्या मधे, १९८०ला, त्यांची ही बारा इंची छोटी रेकॉर्ड आली. दोनच रचना. पुढे 'हेल्थ अँड एफिशियन्सी', मागे 'ग्राफिक/व्हॅरिस्पीड'.

पुढची बाजू मला त्यांच्या सगळ्या कामात वरची वाटते. गाणं उन्हाचं आहे. आपल्या खान्देशात गाणी पावसाला आणि सावलीला साद घालतात, त्यामुळे उन्हाला इतक्या आनंदाने भेटणारं गाणं ऐकताना कान लगेच टवकारतात. सुरुवातीला धडधडीत गाणं, मग ते मोडतं आणि गिटार-ड्रमचं एकच आवर्तन कितीतरी मिनिटं फिरत राहतं. त्यावर टेपवरचे आवाज येतात, जातात.

मागची बाजू मात्र 'कोणत्याही वेगावर वाजवा' या कल्पनेवर उभी आहे. लांबच लांब घुमणारा आवाज, बस. अर्धी रेकॉर्ड वाया गेली असं माझं स्पष्ट मत. वेग ठरवणं हे संगीतकाराचं पहिलं काम, तेच त्यांनी ऐकणाऱ्यावर ढकललं.

वाघूर
असहमत. आधी एक विचारते: मागची बाजू कशावर ऐकलीत? मोबाइलवर यूट्यूब लावून वेग १.२५ किंवा ०.५ केला असेल, तर ती रचना तुम्ही ऐकलेलीच नाही. तिथे वेग बदलतो, पण स्वर जागच्या जागी राहतो. आवाजाचे बारीक तुकडे करून ते जवळ किंवा लांब मांडले जातात, आणि अशा लांबलचक घुमत्या आवाजात त्या जोडांची थरथर लगेच कानाला लागते. टर्नटेबलवर वेगाबरोबर स्वरही हलतो. सगळी गंमत त्यातच आहे.

मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांवरून ४५ फेऱ्या म्हणजे १.३५ पट. शुद्ध मध्यम 'सा'च्या १.३३ पट असतो. म्हणजे ३३ वर जो 'सा' तो ४५ वर मध्यम होतो, तोही किंचित चढा. त्या चढेपणामुळे हार्मोनियम शेजारी धरली तर स्वर बसत नाही. उलट १६⅔ म्हणजे बरोबर निम्मं, पूर्ण एक सप्तक खाली. ३३ वर १० मिनिटं चालणारा तुकडा ४५ वर ७ मिनिटं २४ सेकंद, १६ वर २० मिनिटं, ७८ वर जेमतेम सव्वाचार. या चार वेगळ्या रचना आहेत आणि चारही त्यांनी मान्य केल्या आहेत.

भुसावळ जंक्शन
टर्नटेबल नसेल त्यांच्यासाठी: संगणकावर ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या प्रोग्रामात फाइल उघडा आणि 'चेंज स्पीड अँड पिच' घ्या. ३३ची ४५ करायची तर टक्केवारीत ३५, १६ करायची तर उणे ५०. 'चेंज टेम्पो' घेऊ नका, तो यूट्यूबसारखाच स्वर जागेवर ठेवतो. व्हीएलसी प्लेअरमध्ये ऐकणार असाल तर ऑडिओच्या सेटिंगमध्ये 'टाइम-स्ट्रेचिंग'ची खूण काढा, मगच वेगाबरोबर स्वर सरकतो. अर्ध्या वेगावर छोट्या स्पीकरमधून निम्मा आवाज ऐकूच येणार नाही, हेडफोन लावा. ३३ वर ८० हर्ट्झला असलेला घुमारा १६ वर ४० हर्ट्झला येतो आणि मोबाइलचा स्पीकर तिथवर उतरत नाही.

पाटणादेवी
यात एक फरक राहतो. प्रत्येक रेकॉर्ड कापताना खर्ज दाबलेला आणि वरचा पट्टा उचललेला असतो, आणि वाजवताना ॲम्प्लिफायर तो आरआयएए नावाच्या ठरलेल्या वक्राने उलटा करतो. हा वक्र ठरावीक कंपनसंख्यांना बांधलेला असतो, वेग बदलला तरी तो हलत नाही. म्हणून ३३साठी कापलेली बाजू ४५ वर लावली की मधला पट्टा एक-दीड डेसिबल पुढे येतो, आणि १६ वर तो मागे जाऊन आवाज पोकळ होतो. संगणकावर वेग बदलला तर हे होत नाही, सगळे पट्टे एकत्र सरकतात. तेव्हा फाइलवरून या रेकॉर्डच्या आवाजाच्या पोताबद्दल निकाल देऊ नये.

आणखी एक. तीन वेगांचे स्वस्त सुटकेस प्लेअर मिळतात, त्यांत सुईचा दाब बहुधा ५-६ ग्रॅम असतो. चांगल्या मॅग्नेटिक कार्ट्रिजला (सुई बसवलेल्या भागाला) दीड-दोन ग्रॅम पुरतो. अशा प्लेअरवर ही बाजू पुन्हा पुन्हा लावली तर खाच झिजते. ७८ वर वाजवायची तरी सुई नेहमीचीच ठेवा. ७८च्या जुन्या तबकड्यांची जाड सुई या बारीक खाचेत बसतच नाही.

तापीकाठ
वाघूरताई, हिशेब पटला, मुद्दा नाही. मी टर्नटेबलवर ३३ आणि ४५, दोन्हीवर ऐकूनच लिहिलं आहे. वेग बदलला की स्वर बदलतो हा यंत्राचा गुण. तो कुठल्याही रेकॉर्डला लागू आहे. भजनाची रेकॉर्ड ४५ वर लावली तर ती दुसरी रचना होते का?

साक्रीकर
भजनात शब्द आहेत, श्वास आहे. वेग वाढला की माणसाचा आवाज बारीक होतो आणि कानाला फसवणूक लगेच कळते. ही बाजू तशी नाही. तिच्यात कुठला वेग 'खरा' हे ओळखण्याची एकही खूण नाही: माणसाचा आवाज नाही, ताल नाही. ते करणं सोपं नसतं. व्हॅरिस्पीड हे टेप मशीनवरच्या वेग-नियंत्रणाचंच नाव. म्हणजे स्टुडिओतली ती कळ त्यांनी श्रोत्याच्या हातात दिली.

आणि 'नुसता घुमणारा आवाज' असं म्हणताना आपल्याच भागाकडे बघा. साक्री, नवापूरकडे मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात पावरी वाजते. वाजवणारा नाकाने श्वास घेत गाल भरलेले ठेवतो, आवाज तुटत नाही. बाहेरच्याला पहिली काही मिनिटं एकच स्वर वाटतो, मग आतली हालचाल ऐकू यायला लागते. या रेकॉर्डच्या मागच्या बाजूलाही तेवढा वेळ द्यायला हवा.

तापीकाठ
पावरीचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे, भाऊ. पावरीवाला समोरच्या नाचणाऱ्यांची पावलं बघून फुंक बदलतो. रेकॉर्डची खाच कुणाकडे बघत नाही. तिथे वेग निवडणारा श्रोता एकटा असतो आणि एकदा बटण दाबलं की त्याचंही काम संपतं.

भुसावळ जंक्शन
हा मुद्दा वजनदार आहे. तरी माझी खरी तक्रार पुढच्या बाजूबद्दल आहे, तिच्याबद्दल कुणी बोलतच नाही. शेवटचं आवर्तन लांबलं आहे. टेपचा लूप, म्हणजे टोकं जोडून केलेलं टेपचं कडं, कसा चालतो ते बघा: १५ इंच प्रति सेकंद वेगावर चार सेकंदांच्या लूपला दीड मीटरभर टेप लागते. जोड ४५ अंशात तिरका कापला नाही तर दर फेरीला टिकटिक येते. दोन लूपमध्ये पाच सेंटिमीटरचा फरक असेल तर दर फेरीला साधारण ०.१३ सेकंद सरकतात आणि तीस फेऱ्यांनी पुन्हा जुळतात. असं सरकणं ऐकायला मिळालं असतं तर लांबी पटली असती. इथे ड्रम आवर्तनाला घट्ट धरून ठेवतात.

वाघूर
ड्रम घट्ट धरतात म्हणून तर वरचे आवाज सुटे वाटतात! सगळंच सरकलं असतं तर सरकणं कशाच्या आधारावर ऐकलं असतं? हेवर्डचा हात यंत्रासारखा नाही, आघात प्रत्येक फेरीला थोडे कमी-जास्त पडतात. पाचव्या मिनिटापासून फक्त झांजेकडे कान ठेवून ऐका.

हे त्रिकूट काम करायचं ती जागाही विसरू नका, मांस ठेवण्याचं बंद पडलेलं शीतगृह. नावही 'कोल्ड स्टोरेज'च. सावदा-रावेरकडची केळीची शीतगृहं आतून पाहिलेल्यांना अशा जाड भिंतीची खोली समजावून सांगायला नको. जागा आपली, भाडोत्री तासांचा हिशेब नाही, म्हणून एका आवर्तनावर इतका वेळ थांबता येतं.

पाटणादेवी
अमेरिकेतून आलेलं जुनं टर्नटेबल वापरणाऱ्यांनी एक तपासा. त्याची सिंक्रोनस मोटर (विजेच्या कंपनसंख्येवर वेग ठरणारी) ६० हर्ट्झची असेल तर आपल्या ५० हर्ट्झवर ३३⅓ ऐवजी २७.८ ने फिरते. नेहमीच्या रेकॉर्डवर हे लगेच कळतं, या बाजूवर कळणारच नाही, साक्रीकर म्हणतात त्याच कारणाने. स्ट्रोबची, म्हणजे वेग तपासायच्या रेघांची, ५० हर्ट्झची चकती जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटखाली धरून आधी वेग बघा. आणि एप्रिलपासून रेकॉर्ड उभ्याच ठेवा, पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत अजिबात नको. ६० अंशांच्या आसपास व्हिनाइल मऊ पडतं.

तापीकाठ
१६ वर ऐकलेलं नाही, हे मान्य. फाइल उणे ५० करून, हेडफोनवर, पूर्ण ऐकतो आणि इथेच लिहितो. 'वाया गेली' हा शब्द तोवर मागे घेतो. वेग ठरवण्याबद्दलचा मुद्दा मात्र घेत नाही.