साखरपुड्याचे फोटो आणि लग्नाचा अंदाज : घरच्या ग्रुपवरील चर्चा

काका : सर्वांना नमस्कार. सुपारी फुटली, वैशाखातला मुहूर्तही जवळजवळ ठरला आणि लगेच फोटोग्राफरला इसार देण्याची घाई सुरू झाली, म्हणून लिहितो आहे. लोणावळ्यातले प्री-वेडिंग (लग्नाआधीचे दोघांचे फोटो), साखरपुडा आणि लग्न मिळून त्याने १ लाख ४० हजार सांगितले आहेत. ही रक्कम जास्त की रास्त, हे आज कोणालाच ठरवता येणार नाही, कारण एकूण किती खर्च करायचा यावर आपल्यात अजून एका शब्दानेही बोलणे झालेले नाही. सोयाबीनची पट्टी आडतीवरून यायची आहे. हाती न आलेल्या पैशाच्या भरवशावर कोणालाही इसार देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खर्चाचा खरा डोंगर जेवणाचा असतो. आपल्याकडे निमंत्रण घराला नव्हे, गावाला जाते. १,५०० माणसे धरली आणि ताट २५० रुपयांनी ठरले, तर ३ लाख ७५ हजार तिथेच गेले. शंभर माणसे कमी केली तर २५ हजार वाचतात आणि तेवढ्यात साखरपुड्याचे फोटो सहज निघतात. त्यामुळे आधी माणसांची यादी, मग कार्यालय आणि आचारी, मग बस्ता व सोने, आणि उरलेल्या रकमेत फोटो, असा क्रम ठेवावा.

मामा : एवढा हिशेब करण्यापेक्षा साखरपुड्यातच लग्न उरकावे. दोनदा मांडव नको, दोनदा जेवण नको.

काका : सूचना शहाणपणाची आहे, पण सोयऱ्यांच्या घरचे हे पहिलेच लग्न असल्याने ते मान्य करणार नाहीत, बैठकीत विषय काढून पाहिला होता.

मोठी आई : खर्चाचे तुम्ही पुरुष मंडळी पाहा. मला एवढेच विचारायचे आहे की, लग्नाआधी दोघांनी परगावी जाऊन फोटो काढायचे, हे त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांना विचारले आहे का? उद्या ते फोटो मांडवात मोठ्या पडद्यावर दाखवतील, तेव्हा समोर आजोबा बसलेले असतील.

नवरी : मोठी आई, तुमची काळजी मला समजते. लोणावळ्याचा आग्रह माझा नाही आणि त्यांचाही नाही. साखरपुड्याच्या दिवशी ओटी, अंगठी, आहेर आणि मंचावर फोटोसाठी लागलेली रांग यांत आम्हा दोघांचा निवांत असा एकही फोटो निघणार नाही, म्हणून फक्त दोन तास वेगळे हवे आहेत. दोन्ही घरांची कुलदेवता तुळजाभवानीच आहे. पहिली पत्रिका देवीला ठेवायला दोन्हीकडची मंडळी तुळजापूरला जाणारच आहेत. तिथून नळदुर्ग तीस-पस्तीस किलोमीटरवर आहे. किल्ल्यात फोटो काढू, तुम्हीही सोबत असाल. पडद्यावर काय दाखवायचे ते तुम्ही आधी पाहून ठरवा. या दोन तासांचा खर्च आम्ही आमच्या पगारातून करू.

दादा : नळदुर्ग चांगला आहे. बोरी नदीच्या बंधाऱ्यातच बांधलेला पाणी महाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळातला आहे आणि फोटोला त्याच्याइतकी देखणी जागा जवळपास नाही. फक्त नर-मादी धबधबे पावसाळ्यातले असल्याने चैत्रात त्यांची आशा धरू नये. ऊनही तेव्हा तापलेले असते, म्हणून सकाळी नऊच्या आत काम आटोपावे आणि दर्शन नंतर घ्यावे. किल्ला राज्य संरक्षित स्मारक असल्यामुळे लाइट आणि ड्रोन नेण्याआधी परवानगी लागेल. आपल्याला साधा कॅमेरा पुरेसा आहे, त्यामुळे ड्रोनचे पैसे दरातून वगळायला सांगू.

फोटोग्राफरकडून काही गोष्टी लिहून घ्याव्यात. सांगितलेल्या रकमेत १८ टक्के जीएसटी धरला आहे की बिलाच्या वेळी वर लावणार, अल्बम किती शीटचा, संपादन न केलेले सगळे फोटो मिळणार का, आणि अल्बम कधी देणार. शेवटचा हप्ता अल्बम हातात आल्यावरच द्यावा, कारण पूर्ण पैसे मिळाल्यावर फोटोग्राफर लगेच पुढच्या लग्नाच्या कामाला लागतात. शिवाय दोन्हीकडून दोन फोटोग्राफर आणण्याची पद्धत निदान साखरपुड्यापुरती सोडावी. ते मंचावर एकमेकांच्या फ्रेममध्ये येतात आणि मागे बसलेल्या पाहुण्यांना फक्त त्यांच्या पाठी दिसतात. एकच ठेवून खर्च निम्मा वाटून घेऊ.

मोठी आई : आम्ही सोबत असू तर माझी हरकत नाही. विहीणबाईंशी मी स्वतः बोलते.

काका : मग प्री-वेडिंग वगळून साखरपुडा आणि लग्न यांचाच नवा दर मागवावा. प्रत्येकाने आपापल्या बाजूच्या पाहुण्यांची यादी शनिवारपर्यंत मला पाठवावी. मामा, तुमच्या यादीत भावकी दोनदा येते, तेवढे तपासून पाठवा.