शिळं पाणी: तुमच्या घरी काय करतात? आपापले अनुभव लिहा

मी मूळची लातूरची, लग्नानंतर पुण्यात आले. आमच्या स्वयंपाकघरात पितळेचा हंडा आहे. रोज सकाळी नळ आला की सासूबाई कालचा हंडा मोरीत पालथा करायच्या, चिंचेनं घासायच्या आणि ताजं पाणी भरायच्या. कालचं ते शिळं. जीव तुटायचा, पण नवी सून काय बोलणार?

२०१६ च्या उन्हाळ्यात आई माझ्याकडे राहायला आली. त्याच एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे सुरू झाली होती. पहिल्या गाडीला १० वॅगन, ५ लाख लिटर. लातूरच्या आमच्या गल्लीत तोवर सगळं टँकरवर चाललं होतं. पहिल्याच सकाळी सासूबाईंनी हंडा उचलला आणि आईनं दुसरा काठ धरला. "विहीणबाई, थांबा," एवढंच म्हणाली. दोघी हंडा धरून उभ्या. पाणी हिंदकळून ओट्यावर सांडायला लागलं, तसं आईनं एका हातानं परात ओढून खाली धरली. सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या आणि त्यांनी हंडा खाली ठेवला. तेव्हापासून कालचं पाणी कणकेला, भाजी धुवायला, उरलं तर तुळशीला. प्यायला मात्र त्या अजून ताजंच घेतात. त्यावर मी वाद घालत नाही.

नळ नीट बंद करा, हे सगळेच सांगतात. पण आपल्याकडे पाणी ओतलं जातं ते शिळं झालं म्हणून, विटाळलं म्हणून, पाहुण्याचा मान म्हणून. त्याबद्दल लिहा. जे घडलं तेच.

गिरगाव, आता मुलुंड

चाळीत पहाटे साडेचारला पाणी यायचं. मोरीत पिंप, त्यावर झाकण, झाकणावर ओगराळं. पिंपात हात बुडवलेला आजीला अजिबात खपायचा नाही. ओगराळ्यानंच पाणी काढायचं, त्यामुळे ते दोन-दोन दिवस चांगलं राहायचं. "झाकलेलं पाणी शिळं होत नाही, हात लागलेलं होतं," हे तिचं शास्त्र. धुण्याचं शेवटचं पाणी बादलीत राखून ठेवायचं, सामाईक संडासला जाताना न्यायचं. जुलै आला की बाबा तलावांचे आकडे मोठ्यानं वाचायचे: तानसा, मोडकसागर, भातसा. तुळशी किंवा विहार भरून वाहू लागला की शेजारच्या खोलीत जाऊन सांगायचे. माझ्या मुलाला पाणी कुठून येतं ते ठाऊक नव्हतं. गेल्या वर्षीपासून मी त्याला ते आकडे वाचायला लावते.

छत्रपती संभाजीनगर

ताई, आमच्याकडे नाथसागराचं, म्हणजे जायकवाडी धरणाचं पाणी कित्येक दिवसांच्या अंतरानं येतं. कालचं पाणी शिळं म्हटलं तर परवा प्यायचं काय? ज्या शहरात मलिक अंबरनं नहर खोदून पाणी आणलं, तिथं आज घराघरांत निळे ड्रम आहेत. आमची खरी अडचण वेगळीच. डेंग्यूसाठी आरोग्य खातं सांगतं की आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, सगळी भांडी रिकामी करून घासा. बरोबरच आहे, डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात. पण भरलेला ड्रम ओतायचा कुठे? मग सासऱ्यांनी रीत घातली. पाणी यायच्या आदल्या दिवशी सगळे ड्रम एकात आणायचे, मोकळे झालेले कडेनं ब्रशनं घासायचे, तळाच्या पाण्यानं जिना धुवायचा. भरलेल्या ड्रमला धोतराचं दुहेरी फडकं, वरून सुतळी. फडक्यात फट दिसली की सासरे मध्यरात्री उठून बांधतील.

सोलापूर

पाहुण्याला भरलेला ग्लास देऊ नका. तांब्या-भांडं ठेवा. ज्याला जेवढी तहान तेवढं तो ओतून घेतो आणि तांब्यातलं उरलेलं उष्टं होत नाही. आमच्याकडे कधी बदललंच नाही.

पुणे, पेठेतल्या वाड्यात वाढलो

विटाळाचा उल्लेख केलात म्हणून लिहितो. मी सात-आठ वर्षांचा असेन. भांडी घासणाऱ्या मावशींचा हात चुकून पिण्याच्या पिंपाला लागला. आजीनं त्यांच्यादेखत अख्खं पिंप ओतलं. मावशी खाली बघत घासत राहिल्या. त्यांची मुलगी मोरीच्या दाराशी बसली होती, ते पाणी तिच्या पायाखालून वाहत गेलं. मावशींच्या वस्तीत तेव्हा एका नळावर सगळी आळी रांग लावायची. जोतिरावांनी १८६८ साली याच शहरात आपल्या घरचा हौद सर्वांना खुला केला होता, हे मी नंतर शाळेत शिकलो. बाबासाहेबांचा १९२७ चा महाडचा सत्याग्रहही. मार्कांसाठी पाठ केलं, मावशींची आठवण तेव्हा झाली नाही. आज सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाणीबचतीवर बोललं जातं आणि कामवाल्यांचा ग्लास मात्र वेगळा असतो. आमच्या घरात नाही. मावशी हयात नाहीत, त्यांची माफी मागायची राहिली.

बंगळूर

मार्च २०२४ मध्ये इथं पिण्याच्या पाण्यानं गाडी धुतली तर ५,००० रुपये दंड लागू झाला. होळीच्या रेन डान्सला कावेरीचं पाणी वापरायलाही मनाई. आम्ही मराठी कुटुंबांनी त्या वर्षी पोरांना नुसता गुलाल दिला. पोरं हिरमुसतील असं वाटलं होतं, पण एकानंही पाणी मागितलं नाही.

नाशिक

आमच्यात अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावानं पाण्याचा माठ दान देतात. हे गेल्यापासून मी तो माठ फाटकाशी ठेवते. वॉचमन, पार्सलवाली मुलं, कचरा नेणाऱ्या ताई, सगळे पितात. पावसाळा लागेपर्यंत रोज भरते. संध्याकाळी तळाशी उरतं ते कढीपत्त्याला.

पुन्हा मी

रात्री सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. वाड्यातला अनुभव त्यांनी परत वाचायला लावला. मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. निजायला उठताना म्हणाल्या, "आमच्याकडेही ओतायचे. मीसुद्धा ओतलंय."